रविवारचं चार तासांचं पाणी

जुने शहर, अकोला
१८ नोव्हेंबर

श्याम,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, खोडलं. आशीर्वाद द्यायची सध्या इच्छा नाही आणि तुला तरी ते कुठे हवेत!

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे 'मिळालंच नाही' म्हणायची सोय राहणार नाही.

धवळी पाणी वापर संस्थेचे माननीय अध्यक्ष म्हणून तू पाटबंधारे खात्याकडच्या माझ्या अर्जावर हरकत घेतलीस, ते ठीक. पण चौकात बसून 'बहीण शेतीचं पाणी पळवून राहिली' असं जे सांगत फिरतोस, ते खोटं आहे आणि ते खोटं आहे हे तुलाही ठाऊक आहे. होडी पाणी पीत नाही, श्याम. होडी पाण्यावरून जाते आणि पाणी तिथेच राहतं. धरणापासून तुमच्या बंधाऱ्यापर्यंतचे ते सहा किलोमीटर खडक आणि धबधबे मी चार रबरी होड्यांतून लोकांना फिरवते. त्यानंतर ते सगळं पाणी तुमच्याच बंधाऱ्यात येऊन पडतं. थेंब कमी होत नाही.

मी जास्तीचं पाणी मागितलेलं नाही. रब्बीच्या पाणीपाळीला धरणातून तीन दिवस बारीक धारेने जे पाणी तुम्ही सोडून घेता, त्यातलंच काही रविवारी सकाळी आठ ते बारा जोरात सोडा, एवढंच अर्जात आहे. पावसाळ्यात नदीला पाणी असतं तेव्हा सरकार होडी घालू देत नाही. बाकीचं वर्ष नदी कोरडी. तुमच्या पाळीचे दिवस हेच माझं वर्ष. अमरावतीच्या कॉलेजातली खेळाच्या मास्तरणीची नोकरी सोडून मी हे उभं केलंय. हे चार तास मिळाले नाहीत तर मार्चमध्ये सगळं गुंडाळावं लागेल. तुला तेच हवं असेल तर तसं तोंडावर सांग. शेतकऱ्यांच्या आड लपू नकोस.

आणि जानरावकाकांची नदीवरची पाण्याची मोटार. ती वाहून गेली, कारण त्यांनी ती काठाला नीट बांधली नव्हती. माझा त्याच्याशी काही संबंध नाही. हरकतीत ते जे लिहिलंय ते काढून टाक.

दामिनी


जुने शहर, अकोला
९ डिसेंबर

श्याम,

काल सुनावणीला तू पांढरा शर्ट घालून आला होतास. इस्त्री कडक होती. बायकोने केली असणार, प्रतीक्षाने; तुला कॉलर कुठे असते तेसुद्धा माहीत नाही.

तुझ्या वकिलाने फाइलीतून तो कागद काढला तेव्हा मला वाटलं धरणाचा काहीतरी नकाशा असेल. खात्याच्या साहेबांनी तो मोठ्याने वाचला. 'मी, दामिनी खुशालराव, वडिलांच्या मिळकतीतील माझा हक्क राजीखुशीने सोडून देत आहे.' माझं हक्कसोडपत्र! नऊ वर्षं तू ते जपून ठेवलंस. मग तुझा वकील म्हणाला की अर्जदाराच्या नावे लाभक्षेत्रात गुंठाभर जमीन नाही, आणि जमीन नाही त्याला पाण्याबद्दल बोलायचा अधिकार नाही. साहेबांनी मान डोलावली आणि तूही मागे बसून डोलावलीस.

बाबा जाऊन सहा महिने झाले होते आणि माझ्या लग्नाला आठ दिवस होते. भाजी विकणाऱ्यांच्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणून तू जेवण सोडलं होतंस. मग एक दिवस अचानक गोड झालास. 'ताई, चाल अकोटले. एक सही लागते, फेरफारासाठी. मंग लग्न थाटात करू.' रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर आईने मला हिरवी साडी दिली. हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी द्यायचीच असते ना, रीत आहे. ती साडी मी एकदाही नेसले नाही.

तुझ्या वकिलाने मला विचारलं, 'सही करताना वाचलं होतं का?' मी म्हटलं, नाही. योगेश माझ्या शेजारीच बसला होता. घरी येताना त्याने वाटेत थांबून मला चहा पाजला. नवरा म्हणून तो कधीच भांडत नाही, हाच त्याचा त्रास आहे.

वाचलं होतं, श्याम. प्रत्येक ओळ वाचली होती. तुम्ही लग्नाला यावं म्हणून सही केली. तुम्ही आलात, आणि जेवणाआधी निघून गेलात.

पुढच्या तारखेला तुझ्या वकिलाला हे सांगायचं असेल तर सांग. मला आता लाज वाटत नाही.

दामिनी


जुने शहर, अकोला
२८ डिसेंबर

श्याम,

निकाल तुलाही मिळाला असेल. पेढे वाटलेस का? वाटले असशीलच.

मी तो चार वेळा वाचला. नौकानयनासाठी पाण्याचा हक्क असा काही प्रकारच नियमांत नाही. पिण्याला आहे, शेतीला आहे, कारखान्याला आहे. माणसाला नदीत आनंद व्हावा यासाठी नाही. ठीक, नियम मी केलेले नाहीत. पण दुसऱ्या पानावर असं आहे: 'लाभक्षेत्रात ज्याच्या नावे जमीन नाही, त्यास पाणी सोडण्याच्या वेळेबाबत मागणी करण्याचा, अथवा संस्थेच्या कामकाजात भाग घेण्याचा अधिकार नाही.' हे वाक्य साहेबांचं नाही, तुझ्या हरकतीतून शब्दशः उचललेलं आहे. स्वल्पविरामही तुझेच.

शेवटी एक ओळ आहे, ती तू नीट वाचली नसशील. 'संस्थेच्या सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केल्यास वेळेचा विचार करता येईल.' योगेश म्हणाला, 'मग सभेला विचार.' मी हसले. सभा म्हणजे तू, जानरावकाका आणि चहाचे चार कप!

एक होडी विकायला काढली आहे. परतवाड्याहून माणूस बघायला येणार आहे. तो तिच्यावर पिकनिकवाल्यांना तळ्यात गोल गोल फिरवणार म्हणतो. मी त्याला होडी पुसून देणार नाही, एवढं मात्र ठरवलंय.

तू माझं घर आधीच घेतलं होतंस. आता नदीही घेतलीस. मी तुला माफ करणार नाही, आणि हे रागात लिहीत नाहीये. सकाळी दोन कप चहा घेऊन, शांतपणे लिहिते आहे.

दामिनी


जुने शहर, अकोला
११ जानेवारी

श्री. श्याम खुशालराव, माजी अध्यक्ष,

'माजी' वाचून दचकलास? बस. पाणी पी. अजून बरंच आहे.

हक्कसोडपत्राला आव्हान द्यायचं म्हणून मी आपल्या जमिनीचे सातबारे काढले. काल संध्याकाळी योगेश दुकान बंद करून आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी हसत बसले होते. त्याला वाटलं मला झटका आला.

सात एकर. त्यातले चार आईच्या नावे, मनकर्णा खुशालराव. तीन प्रतीक्षाच्या नावे. तुझं नाव कुठे आहे रे? मी भिंग घेऊन शोधलं. तुझं अकोटचं खतांचं दुकान चालतं, तू आयकर भरतोस, म्हणून शेतकऱ्याच्या योजना तुला लागू नाहीत. आणि सात एकर एकाच्या नावे असले तर अल्पभूधारकाचं ठिबकचं अनुदान नाही. म्हणून दोन तुकडे, दोन बायका. आईचा अंगठा, बायकोची सही, फायदा तुझा. हुशार आहेस, लहानपणापासूनच.

पण मग तू अध्यक्ष कसा? 'ज्याच्या नावे जमीन नाही, त्यास कामकाजात भाग घेण्याचा अधिकार नाही.' स्वल्पविरामासकट तुझंच वाक्य, आता निकालात बसलंय.

आणि तू एकटा नाहीस. मी सगळ्या संस्थेचे सातबारे काढले. एक्केचाळीस सभासद आहेत, त्यांतल्या चोवीस बाया. गावातल्या यच्चयावत हुशार पुरुषांनी तुझ्यासारखंच केलंय. कागदावर तानुबाई मालकीण, सभेत तिचा मुलगा सही करतो. कागदावर सत्यभामाकाकू, सभेत पुंजाजीकाका. निम्म्याहून जास्त संस्था चुलीपुढे बसलेली आहे आणि तुम्ही ऑफिसात बसून त्यांच्या नावाने ठराव करताय.

सगळे उतारे जोडून मी साहेबांकडे अर्ज दिला आहे. तुला पदावरून काढावं आणि खऱ्या सभासदांची सभा बोलवावी. तीन दिवसांनी संक्रांत आहे. तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलायची गरज उरलेली नाही.

दामिनी


जुने शहर, अकोला
२२ जानेवारी

श्याम,

आज दुपारी प्रतीक्षाचा फोन आला. गोठ्याच्या मागे उभी राहून बोलत होती. तुझ्या हातात पडण्याआधी माझी सगळी पत्रं ती वाचते, हे मला माहीत नव्हतं. पोस्टमन तिच्याच हातात देतो. वाचते, परत नीट चिकटवते आणि तुझ्या टेबलावर ठेवते. आईलाही वाचून दाखवते.

ती म्हणाली, 'ताई, ह्यायनं शुक्रवारी मले अकोटले बोलावलं. बक्षीसपत्र करून राहिले. तीन एकर परत त्यायच्या नावावर. काल साडी आनली.'

मी विचारलं, कोणत्या रंगाची? का विचारलं कोण जाणे! ती म्हणाली, 'हिरवी.'

श्याम, मला तुझा राग येतो आहे हे लिहायची गरज नाही. पण आज पहिल्यांदा मला माझाही आला. मी तुझ्यावर नेम धरला होता आणि लागलं तिला. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे हे शस्त्र म्हणून वापरताना ती माझ्या डोक्यातही नव्हती. मला फक्त तू दिसत होतास. आता तुला अध्यक्ष राहायचं म्हणून तिची जमीन जाणार आणि ते माझ्या अर्जामुळे.

तर ऐक. सोबत एका कागदाची नक्कल आहे, मूळ माझ्याकडे. माझा अर्ज मी मागे घेत असल्याचं पत्र, सही केलेलं. साहेबांकडे अजून दिलेलं नाही. शुक्रवारी तू अकोटला गेला नाहीस, तर सोमवारी ते देऊन येईन. तू अध्यक्ष राहा, हार घालून घे, धरणाच्या दारावर बसून मिशा पीळ. होड्या मी विकून टाकते. तिची तीन एकर तिच्या नावे राहू दे.

आणि तू मला कमी समजू नयेस म्हणून एक गोष्ट सांगते. जानरावकाकांची मोटार माझ्यामुळेच गेली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी धरणावरच्या माणसाला गोड बोलून दार ठरल्यापेक्षा दोन तास जास्त उघडायला लावलं. अमरावतीहून बारा जण आले होते आणि नदीला पाणी नव्हतं, त्यांना परत पाठवायची लाज वाटली. खाली कोणाला कळवलं नाही. काठावर कोणी असतं तर? हे माझ्या मनात तेव्हाही आलं होतं, तरी मी होडीत बसले. सुनावणीत तू हे म्हणालास तेव्हा मी तुझ्यावर ओरडले. तू खरं बोलत होतास.

एवढं लिहूनही मी तुझी माफी मागत नाही. जानरावकाकांची मागेन.

दामिनी


जुने शहर, अकोला
२७ जानेवारी

श्याम,

तू शुक्रवारी अकोटला गेलास. माझा कागद खिशात घालून गेलास, म्हणजे तुला दोन्ही हवं होतं. जमीनही आणि माझी माघारही. तू बदलला असशील असं मला वाटलं होतं असं नाही, पण हातात कागद होता म्हणून थोडी आशा धरली होती.

तिथे काय झालं ते प्रतीक्षाने सांगितलं. रजिस्ट्रारने विचारलं, 'बाई, राजीखुशीने देताय ना?' नेहमीचा प्रश्न. मलाही विचारला होता, आणि मी 'हो' म्हटलं होतं. तिने म्हटलं, 'नाई.' तो म्हणे चष्मा काढून बघत राहिला. असं उत्तर त्याने कधी ऐकलंच नसेल. तू तिला बाहेर घेऊन गेलास, समजावलंस, मग ओरडलास. ती एस. टी. स्टँडवर गेली आणि एकटी गावी परत आली. साडी तुझ्या गाडीतच राहिली.

आता खूश हो, तिने मलाही सोडलं नाही. मी फोनवर म्हटलं, 'प्रतीक्षा, शाबास! आता सभेत आपल्या बाजूने...' तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

'ताई, आपली बाजू कोनती? तुमी मले इचारलं होतं काय, मायं नाव तुमच्या अर्जात टाकू काय म्हनून? त्यायनंबी नाई इचारलं. तुमी दोघं बहीनभाऊ भांडून राहिले, अन् जमीन मायी. पानी तुमाले द्यायचं का नाई, हे आमी पाहू. तुमी सांगायचं नाई. अन् त्यायनंबी सांगायचं नाई.'

मला गप्प करणारी बाई तुझ्या घरात दहा वर्षं राहते आहे आणि तुला ती फक्त इस्त्रीला दिसली!

माघारीचा कागद मी साहेबांकडे दिला नाही. तिनेच नको म्हटलं. साहेबांचा हुकूम झालाय, सोळा फेब्रुवारीला सभा. सूचनेवर पहिली सही प्रतीक्षाची आहे. सूचनेच्या खाली लिहिलंय की सभेत फक्त सातबाराधारकांनाच बसता येईल. तुला दारातूनच परत पाठवतील. मलाही.

दामिनी


जुने शहर, अकोला
१७ फेब्रुवारी

श्याम,

काल संस्थेच्या ऑफिसबाहेर आपण दोघं तीन तास एकाच बाकावर बसलो, आणि तू एक शब्द बोलला नाहीस. मीही नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुझ्या बाजूला तानुबाईचा मुलगा होता, पुंजाजीकाका होते, आणखी दहा-बारा जण. सगळे चेहरा पाडून बसलेले, पंगतीत पान न वाढलेल्या पाहुण्यांसारखे. खिडकीतून आत दिसत होतं. चोवीसांपैकी बावीस बाया आल्या होत्या. त्या खुर्च्यांवर बसल्या आणि आधी अर्धा तास नुसत्या हसत होत्या. तुला ते लागलं असेल. मलाही सुरुवातीला लागलं, वाटलं माझं वर्ष यांच्या हसण्यावर अवलंबून आहे.

मग त्या कामाला लागल्या, हे तूही ऐकलंस. सत्यभामाकाकूंनी विचारलं, 'जोरात पानी सोडलं तं बंधाऱ्याच्या वरून वाहून जाईन, मंग आमच्या हरभऱ्याले काय?' तुमच्या बारा वर्षांच्या सभांत हा प्रश्न कोणी नीट विचारला नव्हता, मीही त्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. प्रतीक्षाने फळ्यावर खडूने बंधारा काढला. आधी पाळीचं पाणी घेऊन बंधारा दारातल्या शेवटच्या फळीपर्यंत भरायचा, सगळ्यांच्या मोटारी चालू होऊन पिकांचं ओलीत व्हायचं, म्हणजे बंधाऱ्यात जागा होते, आणि पाळीचं उरलेलं पाणी मग रविवारी आठ ते बारा. आदल्या दिवशी काठावरच्या प्रत्येक मोटारवाल्याला फोन करायचा, तो मी करायचा. भोंगा वाजवायचा. जानरावकाकांना नवी मोटार मी घेऊन द्यायची. जानरावकाका सभासद म्हणून आतच होते. ते म्हणाले, 'जुनीच बरी होती.' पुन्हा सगळे हसले.

हात वर झाले. बाजूने वीस, विरोधात सोळा. पाळीमागे एक रविवार, उन्हाळ्यात फक्त प्रयोग म्हणून. हक्क मिळाला नाही, श्याम. साहेबांनी नाकारला तो नाकारलाच. मला मिळाली ती या बायांची परवानगी, आणि ती त्या पुढच्या वर्षी काढूनही घेऊ शकतात. होडी विकली नाही. त्या परतवाड्याच्या माणसाला काल रात्रीच नाही म्हणून कळवलं.

त्या सोळांमध्ये एक हात आईचा होता. मी खिडकीतून बघितला. तूही बघितलास, कारण तू लगेच माझ्याकडे बघितलंस. तीन तासांत तेवढं एकदाच. तुला वाटलं, जिंकलास.

सभा सुटल्यावर आई काठी टेकत बाहेर आली आणि बाकापाशी थांबली. आपल्या दोघांच्या मध्ये बसली. मी विचारलं, 'आई, माझ्या विरोधात हात वर केलास?'

'केला.'

'श्यामने सांगितलं म्हणून?'

आई अशी चिडली की तिच्या काठीने तुझा पाय चेंगरला. 'त्याले कोन इचारते? अन् तुलेबी कोन इचारलं? आतालोक कागद आनायचा, अंगठा धरायचा, लावायचा. कायचा कागद, कोनी सांगे नाई. आज पयल्यांदा मले इचारलं, तुयं काय मत हाय. पानी खेळाले नसते, पोरी. मायं मत होतं, म्या देलं.'

तू बाक सोडून मोटरसायकलकडे गेलास. आईने तुला हाक मारली नाही. मलाही घरी चल म्हणाली नाही. ती तिथेच बसून राहिली, आणि बाया बाहेर येऊन तिच्याभोवती जमल्या.

दामिनी